मदत हवी आहे: आईच्या मणक्यात टीबी की दुसरं इन्फेक्शन?

आई ७६ वर्षांची, जुना मधुमेह. पाठदुखी वयामुळे असेल असं सगळेच म्हणत होते, पण रात्री झोपेतून उठवणारी कळ, संध्याकाळची कणकण आणि उतरलेलं वजन बघून एमआरआय केला. कमरेचे दोन मणके आणि मधली चकती खराब झाली आहे, शेजारी पू आहे. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) खूप वाढलेला, छातीचा एक्स-रे स्वच्छ.

एक डॉक्टर म्हणतात, थेट टीबीची औषधं सुरू करू. दुसरे म्हणतात, आधी सीटी गायडेड बायोप्सी (सीटी स्कॅनमध्ये बघत सुईने नमुना काढणं) करून सीबीनॅट (टीबीची झटपट जनुकीय तपासणी), साधं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखणं) आणि टीबी कल्चर पाठवू, कारण स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंनीही असंच चित्र दिसतं आणि त्यांची औषधं अगदी वेगळी. मला दुसरं पटतं. सीबीनॅटमध्ये रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, तेही काही तासांत कळतं. टीबी कल्चरला मात्र सहा आठवडेही लागू शकतात.

अडचण अशी, की हृदयातल्या स्टेंटमुळे तिला क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) चालू आहे. ते थांबवायचं का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारणार आहोतच. पण या वयात कुणाच्या घरी अशी बायोप्सी झाली आहे का? त्रास कितपत झाला? पुण्यात मणक्याच्या संसर्गाचा चांगला अनुभव असलेले डॉक्टर कोण? पायात अजून ताकद आहे, ती जाण्याआधी निर्णय घ्यायचा आहे. कृपया लवकर कळवा.