अनुभव धागा : ठरलेल्या दिवशी मूल परत आलं नाही तेव्हा

ताबा एकाकडे, भेटीचे दिवस दुसऱ्याकडे, आणि सुट्टी संपली तरी मूल परत पाठवलं नाही. अशा वेळी तुम्ही काय केलं, कशाचा उपयोग झाला, ते लिहा. मुलांची नावं, शाळा, केस नंबर नकोत.

आई, ठाणे
आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांच्या संमतीने ठरलेल्या, कोर्टाने आदेशात घेतलेल्या अटी) दिवाळीची अर्धी सुट्टी बाबांकडे असं स्पष्ट होतं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला, "तो इथेच राहायचं म्हणतोय." चौकीत गेले तर, "मॅडम, बापाकडेच आहे ना? कोर्टात जा." फार संताप आला. नंतर वकीलबाईंनी समजावलं, वडीलही नैसर्गिक पालक असतात. ताब्याबाबत कोर्टाचा आदेश नसेल तर बापावर अपहरणाचा गुन्हा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. माझ्याकडे आदेश होता आणि तोच कामी आला. लगेच फॅमिली कोर्टात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली, सोबत आदेश मोडल्याबद्दल अवमानाचा अर्ज. जजबाई चेंबरमध्ये मुलाशी एकट्याशी बोलल्या. मूल घरी आलं. आता त्याला घ्यायचं-सोडायचं ते कोर्टातल्या मुलांच्या खोलीतच. मेसेज पुसू नका, बायांनो! माझ्या केसमध्ये तो एक मेसेजच पुरावा ठरला.

बाबा, पुणे
आमच्यात सगळं तोंडी ठरलेलं. ती माहेरी सोलापूरला गेली आणि मुलीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. पालक आणि पाल्य अधिनियम १८९०, कलम ९ प्रमाणे मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करावा लागतो. तडजोडीच्या बैठकांमध्ये महिने गेले की तेच गाव मुलीचं 'नेहमीचं' होत जातं. म्हणून बैठका चालू ठेवा, पण अर्ज आधी टाका. अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाने मला रोजचा व्हिडिओ कॉल मिळाला. कॉलवर मी केसबद्दल अवाक्षर काढत नाही. तिच्या मांजरीबद्दल बोलतो.

मामा, नाशिक
बहीण न्यू जर्सीत, मेव्हण्यांनी भाच्याला इथे आणून ठेवलं. दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे तिथल्या कोर्टाचा आदेश इथे आपोआप चालत नाही. आम्ही उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (मुलाला कोर्टासमोर हजर करण्याची याचिका) केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, निर्णय मुलाच्या हितावरच. पण २०२० च्या यशिता साहू निकालात त्याच न्यायालयाने मूल अमेरिकेला परत पाठवायला लावलं. परदेशी आदेश आहे म्हणून निश्चिंत राहू नका, नाही म्हणून खचू नका. आमचं प्रकरण अजून चालू आहे.

आजी, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर)
ठेवून घेणारा माझाच मुलगा होता. नात रात्री आईसाठी रडायची. मी त्याला म्हटलं, गाडी काढ, नाहीतर मी एसटीने नेऊन सोडते. घरच्या मोठ्यांनी आपल्याच माणसाला अडवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता मोठा झालेला मुलगा
"कुणाकडे राहायचंय?" असं मला दोघंही विचारायचे. जो समोर असेल त्याचं नाव मी घ्यायचो, आणि तेच दुसऱ्याविरुद्ध कोर्टात वापरलं जायचं. हे विचारू नका, प्लीज.

ठाण्याच्या आईकडून पुन्हा
पासपोर्टबद्दल मेसेजमधून विचारलं गेलं. मूल परदेशी नेलं जाण्याची भीती असेल तर पासपोर्ट कोर्टात जमा करायचा आणि परवानगीशिवाय देशाबाहेर न नेण्याचा आदेश पहिल्याच अर्जात मागा.