पंप रूममधलं भंगार उक्तं देऊ नका

सेक्रेटरी: नमस्कार. सोसायटीची पंप रूम रिकामी करायची आहे. ५ एचपीचे दोन जुने मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेले), बोअरमधून काढलेला साडेसात एचपीचा जळका सबमर्सिबल, त्याची केबल, आणि लोकांनी आणून टाकलेले अर्धा एचपीचे काही पंप पडून आहेत. भंगारवाला सगळ्याचे मिळून ९,००० देतोय. उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. कुणाची हरकत?

सी-२०३: देऊन टाका साहेब. पाऊस आला की तिथे पाय ठेवता येत नाही.

बी-३०४: सेक्रेटरी साहेब, उद्याचा टेम्पो थांबवा. माझी सगळी नोकरी कंपनीच्या मेंटेनन्समध्ये गेली, म्हणून हक्काने सांगतो. उक्तं देऊ नका. मोटरमधला पैसा तांब्यात असतो आणि भंगारवाल्याला तो बाहेरून अंदाजाने कळतो, आपल्याला कळत नाही. कालच दोन दुकानांत विचारलं. तांब्याचा भाव लोखंडाच्या वीसपटीहून जास्त. एवढा फरक असताना सगळं एका ढिगात कसं द्यायचं?

ए-१०२: काका, पण मोटर न उघडता आत किती तांबं आहे ते कसं कळणार?

बी-३०४: आपल्याच फायलीत बघा. रिवायंडिंगवाला, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरणारा, तांब्याची तार वजनावर लावतो. दोन्ही मोनोब्लॉक मागे भरून घेतलेत, बिलात किलो लिहिलेले असणार.

खजिनदार: सापडलं बिल. "५ एचपी, कॉपर ३.८०० किलो". दुसऱ्याचंही तेवढंच.

बी-३०४: म्हणजे दोन्ही मिळून ७.६ किलो. आता केबल. बोअरमध्ये पंप ३०० फुटांवर होता, केबल ३ कोर, म्हणजे आत तीन तारा, प्रत्येकी ४ स्क्वेअर एमएमची. ४ त्रिक १२ चौरस मिलिमीटर तांबं, म्हणजे मीटरला साधारण १०७ ग्रॅम. ९० मीटर धरा, साडेनऊ किलोच्या वर जातं. मोटरींपेक्षा केबलमध्ये जास्त तांबं आहे आणि उक्त्या सौद्यात ती "वायरचं भेंडोळं" म्हणून फुकट जाते! न सोललेल्या केबलला भाव कमी मिळतो, जळक्या तारेलाही थोडी घट धरतात, हे मान्य. तरी १७ किलो तांबं आहे. त्यात सबमर्सिबलची मोटर आणि बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बॉड्यांचं वजन अजून धरलेलंच नाही.

सी-२०३: बापरे. मग थांबूया.

बी-३०४: आणि केबल विकायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या. इन्सुलेशन चांगलं निघालं तर नव्या पंपाला तीच चालेल. नवी घ्यायला गेलो तर भंगारात मिळतील त्याहून कितीतरी जास्त मोजावे लागतील.

ए-५०१: अर्धा एचपीच्या पंपांत पण तांबं ना? त्यातला एक आमचा आहे.

बी-३०४: ताई, तिथे बघून घ्यावं लागेल. स्वस्तातल्या बऱ्याच छोट्या पंपांत ॲल्युमिनियमची तार असते. वरच्या वार्निशमुळे ती हुबेहूब तांब्यासारखी लालसर दिसते. मागचं पंख्याचं कव्हर आणि झाकण काढा, कॉइलच्या टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चकाकली तर ॲल्युमिनियम, लालच राहिली तर तांबं. कपॅसिटर मात्र आधी इलेक्ट्रिशियनला काढू द्या, कुणी हात घालू नका.

डी-४०३: मागच्या मोकळ्या प्लॉटवर जाळून तांबं वेगळं केलं तर पूर्ण भाव मिळेल. अर्ध्या तासाचं काम आहे.

बी-१०१: दादा, हे अजिबात नको. तिथे मुलं खेळतात आणि आमच्या घरात दम्याचा पेशंट आहे. केबलचं प्लास्टिक जळलं की विषारी धूर होतो.

बी-३०४: ताईंचं शंभर टक्के बरोबर. सबमर्सिबल आत पाणी भरलेल्या मोटरीचा आहे, त्याच्या आतल्या तारेवरही प्लास्टिकचंच आवरण असतं. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर आणि डायॉक्सिन तयार होतं. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाची २०१६ पासून बंदी आहे, दंडही आहे. जाळायची गरजच नसते. वाइंडिंगवाले छिन्नीने कॉइलचं एक टोक कापतात आणि दुसरीकडून ओढून काढतात. माझं मत, मोनोब्लॉक भंगारवाल्याऐवजी वाइंडिंगवाल्यालाच दाखवा. एकाची बॉडी आणि शाफ्ट चांगले असतील तर तो मोटर भरून पुन्हा विकतो, मग भंगारापेक्षा जास्त देतो.

चेअरमन: चांगली माहिती दिलीत. पूर्वी चिखलीच्या कुदळवाडीत, भंगाराच्या गोदामांत जाऊन चार ठिकाणी भाव काढता यायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली गोदामं पाडली, तेव्हापासून आपण दारात येईल त्यालाच देतोय. यावेळी तीन जणांकडून लेखी दर घ्या. तांबं, केबल, बीड, ॲल्युमिनियम, सगळ्यांचे वेगवेगळे.

सी-६०२: आणि काटा कुणाचा? मागच्या वेळी रद्दीत केवढी तफावत आली होती.

ए-५०१: माझ्याकडे सील असलेला भरलेला घरगुती गॅस सिलिंडर आहे. रिकाम्याचं वजन त्याच्यावर लिहिलेलं असतं, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवायचे. तो आधी काट्यावर ठेवा. आकडा जुळला तरच पुढचं.

बी-३०४: वा ताई, उत्तम! शिवाय काट्यावर वैधमापन खात्याची यंदाची मुद्रा आहे का तेही बघायचं. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. हुकाचा लटकता काटा आणला तर सरळ परत पाठवा.

खजिनदार: पैसे रोख घेणार नाही, सोसायटीच्या खात्यातच. डेड स्टॉक रजिस्टरमधून (सोसायटीच्या वस्तूंची नोंदवही) नोंद कमी करायला कमिटीचा ठराव लागेल. घेणाऱ्याला लेटरहेडवर पत्र देऊ, त्यात मोटरींचे नंबर टाकू. पंपांच्या चोऱ्या होतात, प्रामाणिक दुकानदारालाही कागद हवाच असतो. आपण जीएसटीत नोंदणीकृत नाही. घेणारा नोंदणीकृत असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावरचा कर त्यानेच भरायचा आहे, म्हणून "कर कापून देतो" म्हणाला तर ऐकायचं नाही.

डी-४०३: जाळायचं मागे घेतो. उचलायला मी आणि भाऊ येऊ.

सेक्रेटरी: टेम्पो रद्द केला. ज्यांचे छोटे पंप आहेत त्यांनी शनिवारपर्यंत फ्लॅट नंबर लिहून चिठ्ठी चिकटवा, त्यांचे पैसे त्यांना. चिठ्ठी नसेल तो सोसायटीचा धरू. रविवारी ११ वाजता पंप रूमपाशी. काका, ब्लेड आणि नटबोल्टचे पाने घेऊन या.

बी-३०४: येतो. नेमप्लेटवर ग्रीस चढलंय, कुणीतरी रॉकेल आणि चिंधी आणा. नंबर वाचता आले पाहिजेत.