डायलिसिस सेंटरच्या नियमांवर मी का मत द्यायचं?

सनीवेलकर
२०२० च्या नोव्हेंबरात आमच्या कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर राज्याचे १२ प्रस्ताव (प्रॉपोझिशन, म्हणजे 'प्रॉप') होते, मतदारांनीच थेट 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे. मी आणि बायको दोन रात्री जेवणाच्या टेबलावर माहितीपुस्तिका उघडून बसलो. प्रॉप २३ म्हणे, डायलिसिस सेंटरमध्ये उपचार चालू असताना डॉक्टर हजर हवा. हे मी ठरवायचं? २०१८ मध्येही या सेंटरांवर एक प्रस्ताव येऊन पडला होता. प्रॉप २३ही पडला, २०२२ मध्ये तिसरा आला, तोही पडला. आणि प्रॉप २२! ड्रायव्हर कंपनीचे नोकर धरले जाऊ नयेत म्हणून उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरे ॲपवाल्या कंपन्यांनी २० कोटी डॉलरच्या वर ओतले आणि जिंकले. वर अट अशी, की विधिमंडळाला त्यात दुरुस्ती करायची तर सात-अष्टमांश मतं हवीत. असले कायदे आमदारांनीच करावेत.

जुना_बेकर
अजिबात पटलं नाही. सदर्न पॅसिफिक रेल्वेने विधिमंडळ खिशात घातलं होतं, म्हणून तर १९११ मध्ये गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात हा हक्क मिळाला. आमदार ऐकत नसतील तर लोकांनी सह्या गोळा कराव्यात आणि कायदा मतदानाला आणावा.

सनीवेलकर
सह्या आता पैसे देऊन गोळा होतात. दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभ्या असलेल्या पोराला मी विचारलं, कायदा नक्की काय आहे? त्याने कागदावरचं शीर्षक वाचून दाखवलं. पुढचं त्याला माहीत नव्हतं.

फ्रीमाँटची_मी
मी १९७८ च्या प्रॉप १३ बद्दल सांगते. प्रॉपर्टी टॅक्स किमतीच्या १ टक्का, आणि घर विकेपर्यंत ती किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. शेजारच्या आजींचं घर आमच्यासारखंच, एकाच बिल्डरचं, फक्त आमच्या कितीतरी आधी घेतलेलं. त्या भरतात त्याच्या सहापट आम्ही भरतो. राग येतो, पण आमच्याइतका टॅक्स लावला तर त्यांना घर सोडावं लागेल. २०२० मध्ये प्रॉप १५ आला, फक्त मोठ्या व्यापारी जागांना बाजारभावाने टॅक्स लावणारा. मी 'हो' केलं. थोडक्या मतांनी पडला. पण निदान प्रश्न लोकांपुढे आला. आमदार त्याला हात लावायला घाबरतात.

मडगावचा
१६ जानेवारी १९६७ ला आजोबा गोव्याच्या सार्वमताला रांगेत उभे होते. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. फुलाला १,३८,१७०, पानांना १,७२,१९१. आजोबा फुलाचे. हरले, तरी "आमकां विचारलें" हे शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे.

सनीवेलकर
एकच प्रश्न, तोही आपल्या घरादाराचा. त्यासाठी मीही रांगेत उभा राहीन. बारा-बारा प्रश्नांना माझा विरोध आहे.

जुना_बेकर
मग २३ वर शेवटी काय केलंत?

सनीवेलकर
मी कोरा सोडला. बायकोने 'नाही' केलं. तिची आई पुण्यात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. डॉक्टर मिळाला नाही म्हणून सेंटर बंद राहिलं तर पेशंटने जायचं कुठे, एवढंच ती म्हणाली.