लॅबचा व्हॉट्सॲप बॉट गोळ्यांचे डोस सांगायला लागलाय, त्याला त्याच्या कामापुरता कसा ठेवायचा?

नौपाडा_लॅब

नमस्कार मंडळी, नौपाड्यात आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे आणि वर्तकनगरला एक कलेक्शन सेंटर. एका वेंडरकडून व्हॉट्सॲपवर एआय बॉट लावून घेतलाय. त्याचं काम ठरलेलं आहे, कुठल्या टेस्टला उपाशी यायचं, रेट काय, घरी सॅम्पल घ्यायला माणूस कधी येईल, रिपोर्ट झाला का. हे तो खरंच चांगलं करतो, सकाळी सात वाजल्यापासून काउंटरचा फोन खणखणत असायचा तो त्रास बराच कमी झालाय.

पण रिपोर्ट हातात पडला की लोक त्याच चॅटमध्ये पुढचं विचारतात. परवा जुने चॅट वाचत होते तर एका काकूंनी विचारलंय, टीएसएच ८.२ आलाय, थायरॉइडची ५० ची गोळी चालू आहे, ७५ ची करू का? आणि बॉटने चक्क डोस कसा वाढवतात ते लिहून दिलंय, शेवटी एक ओळ की डॉक्टरांचा सल्ला घ्या. ती शेवटची ओळ कोण वाचतं हो? मी लगेच काकूंना फोन लावला, त्यांनी अजून काही बदललं नव्हतं, डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं. पण सगळे चॅट काही मी वाचू शकत नाही.

वेंडरला सांगितलं तर त्याने प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे बॉटला आधीच दिलेल्या लेखी सूचनांत, टाकलं की मेडिकल सल्ला देऊ नकोस. आता उलटंच झालंय, कोणी विचारलं की थायरॉइडची गोळी घेऊन रक्त द्यायला येऊ की आधी रक्त देऊ, तरी म्हणतो मी वैद्यकीय सल्ला देऊ शकत नाही. अहो हेच तर सांगायला त्याला बसवलाय! मध्येच एका पोराने त्याच्याकडून पावसाळ्यावर निबंधही लिहून घेतलाय. त्याचं फार काही नाही, पण डोसचं मला झोपू देत नाहीये. वेंडरला नेमकं काय करायला सांगू?

ऐरोली_बॅकएंड

ताई, मी ऐरोलीत कंपन्यांचे कस्टमर सपोर्टचे बॉट बनवायचं काम करतो, हा प्रॉब्लेम रोजचा आहे. पहिली गोष्ट, प्रॉम्प्टमध्ये लिहिलेली बंदी म्हणजे कुलूप नाही. वेंडरच्या सूचना आणि पेशंटचा मेसेज, मॉडेलला, म्हणजे बॉटमागच्या एआयला, दोन्ही शेवटी एकाच सलग मजकुरात मिळतात, त्यामुळे नेटाने आणि वेगवेगळ्या तऱ्हेने विचारणारा माणूस सूचनेला वळसा घालून जातो, कधी मुद्दाम तर कधी नकळत. मुद्दाम करतात त्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, २०२२ मध्ये सायमन विलिसन या प्रोग्रामरने हे नाव रूढ केलं आणि ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या, अशा भाषेच्या मॉडेलांच्या (एलएलएम) धोक्यांच्या यादीत ते पहिल्या नंबरवर आहे. तुमच्या काकू काही हॅकर नाहीत, पण भोक तेच.

म्हणून "काय बोलू नको" याची यादी वाढवत बसू नका. त्याच्या हातात काय द्यायचं तेच कमी करा. डॉक्टरांकडचा कंपाउंडर नंबर देतो, कधी यायचं सांगतो, औषधाचं विचारलं की आत पाठवतो, तेवढंच याला करता आलं पाहिजे. प्रत्येक टेस्टची तयारी तुमच्या पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्या. लिपिड प्रोफाइलला किती तास उपाशी, एचबीएवनसीला (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) उपाशी नको, जेवणानंतरची शुगर दोन तासांनी, थायरॉइडची गोळी सॅम्पल दिल्यावर की आधी, सगळं. डॉक्टरांनी सही केलेला तो मजकूरच बॉटने द्यायचा, मॉडेलने फक्त प्रश्न ओळखायचा आणि उत्तर शोधून काढायचं, स्वतःच्या मनाने नवीन वाक्य जुळवायचं नाही. तुमच्या उदाहरणात "गोळी घेऊन येऊ का" हा तयारीचा प्रश्न आणि "गोळी वाढवू का" हा उपचाराचा. शब्द जवळजवळ तेच, म्हणून गोळी, डोस असले शब्द ब्लॉक करून काही साधत नाही, प्रश्नाचा हेतू ओळखणारं वेगळं छोटं मॉडेल आधी बसवावं लागतं, त्याने प्रश्न तयारी, रेट, बुकिंग, रिपोर्टचं स्टेटस यातल्या एका खणात टाकायचा आणि कुठेच बसला नाही तर सरळ माणसाकडे.

अजून एक, ही तपासणी प्रत्येक मेसेजला झाली पाहिजे आणि आधीचे दोन-चार मेसेज सोबत घेऊन. लोक सुरुवात रेट विचारून करतात आणि मग लिहितात "बरं आणि वाढवली तर?", एवढंच एकटं वाचलं तर त्यात कुणालाच काही कळणार नाही. आणि उत्तर बाहेर पडायच्या आधी एकदा, त्यात औषधाचं नाव किंवा मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम दिसलं आणि ते मंजूर मजकुरातलं नसेल तर अडवायचं. एनव्हिडियाचं निमो गार्डरेल्स, मेटाचं लामा गार्ड अशी बॉटच्या बोलण्यावर पहारा ठेवणारी तयार साधनं आहेत, पण तुमच्या लॅबपुरते नियम त्यात कुणीतरी बसून घालावेच लागतात.

वाशी_सॅम्पल_काउंटर

टेक्निकलमधलं मला कळत नाही, पण काउंटरला वर्षानुवर्षं बसतेय म्हणून दोन गोष्टी सांगते. रिपोर्ट बघून माणूस घाबरलेला असतो, त्याला "मी सल्ला देऊ शकत नाही" असं म्हटलं की तो गुगलवर जातो नाहीतर शेजारच्या काकांना विचारतो. नाही म्हणताना पुढचा रस्ता द्यायला पाहिजे. आमच्याकडे मुलींना शिकवलंय की सांगायचं, हा आकडा तुमच्या डॉक्टरांना आजच दाखवा, गोळी त्यांना विचारल्याशिवाय बदलू नका, आणि आमच्या पॅथॉलॉजिस्टशी बोलायचं असेल तर अमुक वेळेत फोन करा. बॉटला हेच वाक्य द्या.

दुसरं म्हणजे छातीत दुखतंय, चक्कर येतेय, शुगर ४५ आलीय असला मेसेज आला तर "हा प्रश्न माझ्या कामाचा नाही" हे उत्तर चालणारच नाही. तिथे लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलला जा हे यायला पाहिजे आणि तुमच्यापैकी कोणाच्या तरी मोबाइलवर वाजलं पाहिजे. बाकीचं विषयाबाहेरचं टाळलं तरी हे टाळायचं नाही. आणि तयारीच्या यादीत बायोटिन जरूर घाला ताई. केसांसाठी लोक त्या गोळ्या खातात, थायरॉइडच्या रिझल्टमध्ये त्याने गडबड होऊ शकते आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

घोडबंदर_रोड

माझं मत वेगळं आहे, एवढ्याशा कामाला एआय पाहिजेच कशाला? बटणं द्या, १ दाबा उपाशी, २ दाबा रेट, संपलं. कारण गळ्याशी आलं की जबाबदारी तुमच्यावरच येते. एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं की नातेवाईक वारल्यावरची सवलत तिकीट काढल्यानंतरही मागता येते, कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या ट्रिब्युनलपुढे गेलं तेव्हा कंपनीचं म्हणणं काय, तर बॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रिब्युनलने ते उडवून लावलं आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर भरायला लावले. उद्या कोणाचा डोस चुकला तर "वेंडरचा बॉट होता" हे कोण ऐकून घेईल?

ऐरोली_बॅकएंड

जबाबदारीबद्दल शंभर टक्के पटलं. बटणांचं अर्धवट पटलं. बटणंच ठेवली तर आजोबा व्हॉइस नोट पाठवतात त्याचं काय, आणि अर्धे लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, मध्येच हिंदी, मुलुंडकडचे गुजरातीत, ते समजून घेण्यापुरतं एआय खूप कामाचं आहे. समजून घ्यायला एआय आणि बोलायला डॉक्टरांचा मजकूर, असं मी म्हणेन. मात्र टेस्टिंग त्याच मेसेजवर करा, वेंडर इंग्रजीत पाच प्रश्न विचारून सगळं ओके म्हणून दाखवेल त्यावर जाऊ नका. तुमच्या चॅटमधले खरे प्रश्न नाव-नंबर काढून जमवा, अर्धे उत्तर द्यायलाच पाहिजेत असे आणि अर्धे देऊ नयेत असे, दोन्हीकडच्या चुका मोजा. नुसते नकार मोजले तर सगळ्यालाच नाही म्हणणारा बॉट पहिला येईल, तुमच्याकडे आत्ता तेच झालंय.

आणि वेंडरकडून लिहून घ्या की तुम्हाला न विचारता मॉडेल किंवा प्रॉम्प्ट बदलणार नाही. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या नीडा संस्थेचा टेसा नावाचा बॉट होता, मुळात ठरलेली उत्तरं देणारा. बॉट चालवणाऱ्या कंपनीने त्यात नंतर जनरेटिव्ह एआय, म्हणजे स्वतःच उत्तरं जुळवणारं एआय, घातलं आणि तो अशाच आजारातून जाणाऱ्या लोकांना वजन कमी करायच्या टिप्स द्यायला लागला, मे २०२३ अखेर बंद करावा लागला. तुमच्या केसच्या इतकं जवळचं दुसरं उदाहरण नाही.

घोडबंदर_रोड

हे टेसाचं माहीत नव्हतं. बरं, मग एक अजून. रिपोर्टचे आकडे मॉडेलकडे जातातच कशाला? ते जाऊच देऊ नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि आकडे दिसलेच नाहीत तर त्यावर बोलणार काय. स्टेटस फक्त तयार किंवा तयार नाही, रिपोर्टची लिंक ओटीपी टाकल्यावरच.

सीवूड्स_स्टेशन

निबंधवाल्या पोराचं पण बंद करा हो ताई, मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेसचे नियम बदललेत. १५ जानेवारी २०२६ पासून कुठल्याही विषयावर गप्पा मारणारे एआय बॉट तिथे चालवायचे नाहीत, धंद्याच्या ग्राहकसेवेचे चालतात. तुमचा दुसऱ्यातच बसतो, तो तसाच राहिलेला बरा.

नौपाडा_लॅब

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी आजच बोलले, तयारीचा मजकूर ते स्वतः लिहून देणार आहेत, बायोटिनसकट. आकडे मॉडेलकडे जातात का ते वेंडरला विचारलं तर म्हणाला पेशंटने रिपोर्टचा फोटो टाकला तर जातात, ते आधी बंद करायला सांगितलंय. एकच अडलंय, रात्री माणसाकडे द्यायचं म्हटलं तर आमच्याकडे रात्री कोणी नसतं.

वाशी_सॅम्पल_काउंटर

मग बॉटने खोटी आशा दाखवू नये. "आत्ता लॅब बंद आहे, सकाळी सातला आमची व्यक्ती तुम्हाला फोन करेल, त्रास होत असेल तर थांबू नका, १०८", असं स्पष्ट लिहायचं, आणि सकाळी सॅम्पलची गर्दी सुरू व्हायच्या आधी ते फोन खरंच करायचे. आमच्याकडे पहिली येणारी मुलगी कम्प्युटर चालू केला की आधी ती यादीच उघडते.