कीबोर्ड हलतो म्हणून थेट नवीन टाकायचा?

संत्रानगरी
माझा जुना थिंकपॅड टी४२० (लेनोवोचा लॅपटॉप) नागपुरात सीताबर्डीतल्या एका दुकानात दाखवला. टाइप करताना कीबोर्डचा मधला भागच खाली दबतो, डावीकडची पुढची कड वर आलेली. दुकानदाराने एकही स्क्रू न काढता सांगितलं, "कीबोर्ड गेला, नवीन टाका." सगळी बटणं चालू असताना कीबोर्ड गेला कसा?

माझं ठाम मत आहे की हलणारा कीबोर्ड बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, नीट बसलेला नसतो. घरी येऊन लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली, उलटा केला. तळाला ज्या स्क्रूंपाशी कीबोर्डचं चित्र कोरलेलं असतं, त्यातला एक गायब, दुसरा ढिला. या मॉडेलमध्ये रॅमचा एक स्लॉट कीबोर्डच्या खालीच आहे. मागे रॅम वाढवताना कीबोर्ड उचलला गेला आणि परत ठेवताना पुढच्या कडेच्या पट्ट्या पामरेस्टखाली (मनगट टेकवतो त्या भागाखाली) गेल्याच नाहीत. उरलेला स्क्रू काढून कीबोर्ड स्क्रीनकडे किंचित ढकलला, पुढची कड उचलून पट्ट्या आत घातल्या आणि आपल्याकडे ओढून घेतला. कड चपखल बसली. मधे अजून थोडं दबतं, तिथे खालून पातळ फोमची डबल टेप लावणार आहे.

धरमपेठकर
कड बसवलीत ते योग्यच केलं. टेपला मात्र माझा विरोध आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात लॅपटॉपची आतली गरमी. साध्या डबल टेपचा गोंद पाघळतो आणि पुढच्या वेळी कीबोर्ड उचलताना त्याच्या मागचा पत्रा वाकतो. एकदा पत्रा वाकला की तो पुन्हा सपाट होणं कठीण. रोजच्या कामाचं मशीन असेल तर कीबोर्ड बदलून मोकळं व्हावं. टी४२० मध्ये तर ते अगदी सोपं आहे.

संत्रानगरी
सोपं आहे हे मान्य, पण टाकणार कोणता? सात ओळींचा मूळ कीबोर्ड २०१२ च्या टी४३० पासूनच बंद झाला. आता नवीन म्हणून जे मिळतात, त्यातले मी हाताळलेले बरेचसे नकली होते, मागचा पत्रा इतका पातळ की नवा असूनच दबतो. चांगला मूळ कीबोर्ड काढून तो बसवणं मला पटत नाही. गोंदाचं म्हणाल तर उष्णता सहन करणारी टेप मिळते, तीच वापरेन. आणि पंखा, उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी यांच्यावर काहीच चिकटवायचं नाही, फक्त खाली पोकळी आहे तिथेच.

महालवाला
भाऊ, तुमचं भांडण टी४२० चं हाय, त्याची बॅटरी मागून बाहेरून लागते. पण हे वाचून कोणी पातळ लॅपटॉपवाला टेप लावाले बसन, म्हणून सांगतो. पातळ मशीनमंदी बॅटरी टचपॅड आन् पामरेस्टच्या खाली असते. कीबोर्ड मधून फुगल्यासारखा दिसत असन, टचपॅड क्लिक होत नसन, तळ टेबलावर डोलत असन, तर बॅटरी फुगली हाय असं समजा. लिथियम बॅटरीत आत गॅस धरते. तिले दाबू नका, टोचू नका, चार्जिंग लगेच थांबवा. वरून कीबोर्ड दाबून चिकटवणं म्हणजे जिवाशी खेळ. बॅटरी बदला, जुनी ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका.

धरमपेठकर
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. पूर्ण सहमत.

रेशीमबागेतून
माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड हलतो, पण त्याला स्क्रूच नाहीत. प्लास्टिकच्या खुंट्या वितळवून तो वरच्या झाकणाला जोडलाय. खुंटी तुटली की म्हणे अख्खं झाकणच बदला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने राईट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांच्या वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती मिळते, पण सुटा कीबोर्डच बसत नसेल तर त्याचा उपयोग काय? दोन स्क्रूंनी निघणारा कीबोर्ड ही ग्राहकाची गरज आहे.

धरमपेठकर
लोकांना पातळ आणि हलका लॅपटॉप हवा असतो, त्यात स्क्रूची जागा जाते. दोष एकट्या कंपन्यांचा नाही. आपण दुकानात वजन विचारतो, कीबोर्ड कसा निघतो हे कोण विचारतं?

रेशीमबागेतून
मी विचारतो आता. आणि व्यवसायासाठीच्या मशीनचं थोडं जास्त वजन मी आनंदाने उचलेन.

संत्रानगरी
गायब स्क्रूच्या जागी कोणता घालायचा, असं एकाने विचारलं. डब्यात सापडेल तो स्क्रू घालू नका. लांब स्क्रू आखूड भोकात आवळला तर तो कीबोर्डच्या पत्र्यातून वर येतो किंवा मदरबोर्डला लागतो. जुने लॅपटॉप मोडीत काढणाऱ्यांकडे त्याच मॉडेलचा स्क्रू मागा. उघडताना कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर ठेवत जा.

महालवाला
आन् कीबोर्ड उचलताना झटका देऊ नका, खाली केबल असते. ते कनेक्टर तुटलं त मग खरंच खर्च येते.