उत्तर: वेगमर्यादा सगळ्यांना सारखी लावा की

वर एका दादांनी लिहिलंय, मर्यादा ८० असेल तर ८४ ला पण दंड पाहिजेच, नियम म्हणजे नियम. पटतंय ओ, पण मग सगळ्यांना लावा की. निपाणी ते बेळगाव माझं आठवड्यातनं दोनदा तरी येणं-जाणं, स्तवनिधी घाट उतरताना मी बोर्ड बघून ब्रेक मारतो आणि मागनं ऊस भरलेला ट्रक हॉर्न मारत अंगावर येतोय, त्याला कोण अडवत नाही. परवा तर पोलीस पुलाच्या आडोशाला गाडी लावून वेग मोजायचं मशीन धरून उभे होते, पुढं फलक-बिलक काय नाही.

केंद्राच्या मोटार वाहन नियमांत २०२१ चा नियम आहे, १६७ अ, कॅमेरा लावलेल्या टप्प्याच्या अगोदर ठळक सूचना फलक पाहिजे, मशीनला मंजुरीचं सर्टिफिकेट पाहिजे आणि नोटीस १५ दिवसांत यायला पाहिजे. मला एक दंडाचं चलन तीन महिन्यांनी कळलं, ते पण इन्शुरन्स काढताना!

आणि एक, २०२३ च्या फेब्रुवारीत कर्नाटकात थकलेल्या चलनांवर ५० टक्के सूट दिली. म्हणजे मी वेळेत पूर्ण १००० भरले आणि शेजारी दोन वर्षं गप्प बसून निम्म्यात सुटला, वर मला हसतोय. घरात बायको म्हणाली, तुम्हाला घाई कुणी केली होती?

दंड कमी करा म्हणत नाही मी, आमच्या गावाजवळच्या क्रॉसिंगला माणसं रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरून पळतात, तिथं पहिला कॅमेरा बसवा. उताराला लपून कशाला?