दाम मूळचा ग्रीकच!

‘दाम’ फारसीतून आला असावा, असं कुणाला वाटेल. खरं तर त्याचा प्रवास त्याहून लांबचा आहे: ग्रीक नाणं ‘द्राख्मे’, संस्कृतात ‘द्रम्म’, प्राकृतात ‘दम्म’ आणि मग आपला ‘दाम’. अकबराच्या काळात दाम हे तांब्याचं नाणं होतं, हिशेबाला 40 दामांचा एक रुपया. दामाचा आठवा भाग म्हणजे दमडी. त्यामुळे ‘दमडीही देणार नाही’ म्हणणारा रुपयाचा 320वा हिस्साही नाकारत असतो!

मला सगळ्यात गंमत ‘दामदुप्पट’ची वाटते. आज हा शब्द ऐकला की पैसे दुप्पट करून देणारे भामटे आठवतात. पण मुळात तो कर्जदाराचं रक्षण करणारा नियम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजे 100 रुपयांच्या कर्जापोटी फार तर 200 मागायचे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हे तत्त्व आहे, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही ते मानलं. सावकाराला लगाम घालणारा शब्द, आणि आज तोच आमिष झालाय.

‘साम, दाम, दंड, भेद’मधला दाम मात्र मुळात ‘दान’ आहे. आणि दामोदर नावाच्या मंडळींनी हुरळून जाऊ नये, त्यांच्यातला ‘दाम’ म्हणजे यशोदेने कृष्णाच्या पोटाला बांधलेली दोरी.

पै, पावली, चवली या जुन्या नाण्यांवर कुणीतरी सवडीने लिहा.